ओल्या पोत्यातल्या काड्या

बडनेऱ्याहून कोल्हापूरकडे जाणारी गाडी त्या दिवशी दोन तास उशिरा आली आणि त्या दोन तासांत मी दोनदा घरी परत फिरायचं ठरवलं. वरुडजवळच्या आमच्या मळ्यात संत्र्याची चारशे झाडं उभी होती आणि विहिरीवरची मोटार सकाळी तासभर चालली की हवा ओढू लागायची. महिना सप्टेंबरचा. एरवी या दिवसांत विहिरीत वाकून बघितलं की आपला चेहरा दिसे. त्या वर्षी तळाचा खडक दिसत होता. अशा वेळी आठवडाभर दुसऱ्यांची शेती पाहत हिंडणं शेजाऱ्यांना चमत्कारिक वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं.

कारण होतं सुमनचं पत्र. शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला पुण्यात होतो तेव्हा वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. आता ती साताऱ्याला असते. माहेर तासगावजवळ, द्राक्षाच्या पट्ट्यात. तिनं लिहिलं होतं, ‘दादानं जुनी बाग मुळासकट काढली. जंगली द्राक्षाच्या खुंटावर, म्हणजे मुळाच्या खोडावर कलम करून, नवी लावली. कमी पाण्यात, मचूळ पाण्यातसुद्धा ती तग धरते. तुमच्या संत्र्याला त्याचा किती उपयोग होईल कोण जाणे, पण डोळ्यांनी बघून जा.’ ते पत्र ह्यांनी तीनदा वाचलं आणि म्हणाले, “तू पाहून ये. मी हाओ इथं.”

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला उतरले. स्टेशन गावापासून बरंच लांब. सुमन रिक्षा घेऊन आली होती. समोर अजिंक्यतारा हिरवागार, डोंगरउतारांवर गवत लवत होतं. इथं कसली आलीय पाण्याची चिंता, असं वाटून गेलं. सुमनच्या ते लक्षात आलं असावं.

“पश्चिमेकडं बघून फसू नकोस,” ती म्हणाली. “पंधरा-वीस कोस पूर्वेला गेलीस की ढग नुसते वरून जातात. माण तालुक्याकडच्या बायका आमच्या गल्लीत कामाला आल्यात. गावाकडं पेरणीच झाली नाही म्हणतात.”

शाळेत चाचण्या चालू असल्यामुळे तिला माझ्याबरोबर येता येईना. रात्रभर गप्पा झाल्या आणि सकाळी तिनं मला सांगलीच्या एस.टी.त बसवून दिलं.

कराडच्या पुढे माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ येऊन बसले. त्यांना इस्लामपूरला उतरायचं होतं. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी.

“कुठनं आलासा?”

“वरुडहून. अमरावतीकडून.”

“लय लांबनं आलासा की. आन् कशापायी?”

मी सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. उसाच्या हिरव्या रानांमध्येच एक मोठा तुकडा पांढरा पडलेला होता, पीठ सांडल्यासारखा.

“मीठ हाय त्ये. तसलंच माझं रान. नदीचं पाणी आलं, आमी पाजत सुटलो. जेवढं पाणी तेवढा ऊस, असं वाटायचं. आता खालनं मीठ वर आलंय. गवतसुदिक उगवत न्हाई.”

“मग आता?”

“चर खांदून खाली पाईप घातल्यात. जमिनीतलं पाणी वड्याला काढून द्यायचं. दोन वरसं झाली.”

“उगवतंय काही?”

“शेतीखात्याचा साहेब म्हनतोय उगवंल. म्या रोज जाऊन बगतोय.”

इस्लामपूरच्या स्टँडवर ते उतरले. मी मात्र सांगली येईपर्यंत पांढरे तुकडेच मोजत होते. पाणी नसल्याची भीती मी घरून बरोबर घेऊन आले होते. त्यात आता पाणी असल्याचीही भर पडली.

सांगलीत हळदीचा वास बाजारापासून स्टँडपर्यंत येतो. तासगावची गाडी कुठे लागते ते विचारायच्या नादात भडंगाची (इकडच्या तिखट, लसूण घातलेल्या चुरमुऱ्यांची) पुडी घेत बसले आणि गाडी डोळ्यांदेखत सुटली. पुढची मिळाली तेव्हा संध्याकाळ होत आली होती.

सुमनचा भाऊ, विलासदादा, बोलायला कमी आणि दाखवायला उत्सुक असा माणूस. चहाचा कप हातात घेऊनच त्यांनी मला बागेत नेलं. दोन ओळी शेजारी शेजारी होत्या. एक जुनी, स्वतःच्या मुळावरची. तेवढी एकच तुलना करायला म्हणून मुद्दाम ठेवलेली. तिची पानं कडांनी करपलेली. दुसरी जंगली खुंटावरची. पानं तळहाताएवढी, गर्द. दोन्हींना पाणी एकाच विहिरीचं, ठिबकनं, तेवढंच.

“आमचा संत्राही जंभेरी लिंबाच्या खुंटावरच बांधलेला असतो,” मी म्हटलं. “पण कोणत्या जमिनीला कोणतं मूळ, हे आम्ही कधी विचारलंच नाही. रोपवाटिकेतून जे आलं ते लावलं.”

“आमीबी तेच केलतं,” ते म्हणाले. “वेली वाळाय लागल्यावर इचाराय लागलो.”

बागेच्या टोकाला एक बाई काड्या कापत होती. तिशीतली, सडसडीत, पदर कमरेला खोचलेला, हातात बारका, धारदार चाकू. ही मंगल कांबळे. या पंचक्रोशीत कलम बांधावं तर तिनंच, असं दादा म्हणाले. पूर्वी ती एका रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायच्या कामाला होती. बांधणाऱ्यांच्या हाताकडे बघत बघत शिकली.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं एक काडी माझ्या हातात दिली. पेन्सिलीएवढी जाड, तिच्यावर कोंब फुटायचे तीन डोळे.

“ह्या उद्या जतकडं जायच्यात,” ती म्हणाली. “तिथल्या आबांनी निम्मी मेंढरं इकून साडेतीनशे खुंट लावल्यात. सात पिढ्या मेंढरं राखली त्यांनी. आता चरायला माळ न्हाई, म्हणून बाग. खुंट कलमाला आल्यात. आत्ता बांधलं न्हाई तर थंडी पडंल, डोळा फुटायचा न्हाई. वरीस ग्येलं.”

“मग चिंता कसली? उद्या जातेस ना?”

तिनं आभाळाकडे बघितलं. “कलमाला हवा दमट लागतीया, बाई. भादव्यात असतीया. औंदा भादव्यात चैतावानी ऊन पडलंय. कवा बांधायचं त्ये आमाला पाठ हुतं. आता पाठ केलेलं काय कामाचं ऱ्हायलं न्हाई.”

तिच्याबरोबर नेहमी काड्या सोलून द्यायला तिची नणंद असे. ती तापानं फणफणली होती. दादांनी माझ्याकडे बघितलं आणि मी काही विचार न करता ‘मी जाते’ म्हणाले.

सकाळी आठ जुड्या, प्रत्येकीत पन्नास काड्या, अशा ओल्या गोणपाटात गुंडाळून आम्ही जतच्या गाडीत चढलो. पोतं आमच्या दोघींच्या मांड्यांवर. कवठेमहांकाळपर्यंत माझं पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि पुढच्या बाकावरची बाई ओरडत होती, “आवं, पाणी गळतंय की पायावर!”

कंडक्टर आला. “पोतं टपावर टाका.”

“टपावर टाकलं तर सरपान हुईल त्याचं,” मंगल शांतपणे म्हणाली आणि तिनं स्वतःचा पदर पोत्याखाली धरला.

कवठेमहांकाळ सोडलं आणि रंगच बदलला. हिरवं संपलं. लालसर माळ, बाभळी, मध्येच दगडांचा ढीग. नागजच्या अलीकडे चढावर गाडीच्या तोंडातून वाफ निघू लागली आणि ती थांबली. सकाळचे अकराच वाजले होते, पण ऊन भाजत होतं. सगळे खाली उतरले. एका बाभळीच्या विरळ सावलीत आम्ही पोतं ठेवलं. मी वर हात ठेवला तर गोणपाट कोमट लागलं.

ड्रायव्हर मागे येऊन म्हणाला, “कुणाकडं पाणी हाय का? रेडेटर कोरडा पडलाय.”

मंगलजवळ पाच लिटरचा कॅन होता, फक्त काड्यांसाठी आणलेला. सगळ्यांची नजर त्याच्याकडे गेली. एक बाई तान्ह्या पोराला घेऊन उभी होती. पोर किरकिरत होतं. मंगलनं माझ्याकडे बघितलं. पाणी कुणाला द्यायचं हा प्रश्न मी घरून निघताना मागे ठेवून आले होते असं मला वाटत होतं.

“निम्मं गाडीला, निम्मं काड्यास्नी,” ती म्हणाली आणि तिनं अंदाजानं कॅन तिरका केला.

गाडीला ते पुरलं नाही. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. तास गेला. पोत्यावर शिंपडलेलं पाणी बघता बघता उडून गेलं. मंगल मिनिटा-मिनिटाला गोणपाटाला हात लावत होती, तापलेल्या माणसाच्या कपाळाला लावतात तसा. मी सारखी रस्त्याकडे बघत होते. आपल्या हातात दिलेली वस्तू आपल्या हातात मरत आहे, ही भावना फार वाईट. नको त्या वेळी ‘मी जाते’ म्हणाले, असं शंभरदा मनात आलं.

इतक्यात माळावरून एक म्हातारी डोक्यावर बिंदगी (इकडे घागरीला बिंदगी म्हणतात, कानडीतला शब्द) घेऊन आली. रस्ता ओलांडताना थांबली.

“काय हाय गं पोत्यात? मढं राखत बसल्यागत का बसलाय?”

“मेलं न्हाई आजून. मराय लागलंय,” मंगल म्हणाली. “दराक्षाच्या काड्या हायत्या.”

“कुणाच्या?”

मंगलनं गावाचं आणि आबांचं नाव सांगितलं. म्हातारी त्यांना ओळखतही नव्हती. तिनं बिंदगी खाली उतरवली, एक क्षण तिच्याकडे बघितलं, आणि निम्मं पाणी पोत्यावर ओतलं. उरलेल्यातलं ओंजळभर त्या तान्ह्या पोराच्या तोंडाला लावलं.

“कुठून आणलंत?” मी विचारलं.

तिनं हनुवटीनं मागच्या टेकडीकडे दाखवलं. टेकडी चांगली मैलभर लांब होती. बिंदगी डोक्यावर घेऊन ती निघूनही गेली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही, हे मला नंतर आगगाडीत आठवलं.

शेवटी एक वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) आलं. आम्ही पोत्यासकट मागच्या फळीवर लटकत आबांच्या गावच्या फाट्यावर उतरलो आणि तिथून दीड कोस चालत गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना ते आवडणार नाही.

आबा अंगणातच उभे होते. उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडं. त्यांची बायको आक्का उंबऱ्यात. घरातली थंड जागा एकच, माजघरातल्या रांजणाजवळची. मंगल पोतं घेऊन पायरीशी आली आणि थबकली. ती का थबकली हे मला कळायला क्षण लागला. आक्कांना लगेच कळलं.

“आत ये की बाय. उनात मरत्याल त्या,” त्या म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या. मंगलनं पोतं रांजणाला टेकवून ठेवलं.

मग तिनं जुड्या सोडल्या. प्रत्येक जुडीतली एक काडी टोकाला चाकूनं तिरपी छाटून ती उजेडाकडे धरायची. आत हिरवी असेल तर डाव्या बाजूला ठेवायची. सहा जुड्या डावीकडे गेल्या. पोत्याच्या उन्हाकडच्या बाजूच्या दोन जुड्यांत एकामागून एक काडी तपकिरी निघाली. त्या तिनं उजवीकडे टाकल्या.

आबा खाली बसले. “लावून तर बगू की. एखांदी फुटंल.”

“आवं आबा, न्हाई. वाळल्याली काडी बांधली तर तुमचा जिता खुंटबी कुजंल. म्या न्हाई बांधायची.”

“मग पन्नास खुंट ऱ्हायलं माझं.”

“ऱ्हायलं,” मंगल म्हणाली. परत काड्या आणून बांधायला वेळ नव्हता. पुढचा महिनाभर रोज कुणाच्या ना कुणाच्या बागेत तिचा दिवस ठरलेला होता, आणि त्यानंतर थंडी.

रात्री आक्कांनी हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ, गरम पेज) आणि बाजरीची भाकरी वाढली. चव फार छान होती.

पहाटे उजाडायच्या आत काम सुरू झालं. खुंट जमिनीपासून वीतभर उंचीवर छाटायचा, मधोमध चीर द्यायची, काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवायचं, सालीला साल भिडली पाहिजे, आणि वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट. मंगलला एका कलमाला मिनिटसुद्धा लागत नव्हतं. मी काड्या सोलून देत होते. तिसऱ्या ओळीत तिनं चाकू माझ्या हातात दिला. “वीस तुमी बांधा.” सालीला साल भिडली की नाही हे डोळ्यांना कळतच नव्हतं.

नऊ वाजता गरम वारा सुटला. मंगलनं काम थांबवलं. आक्कांनी घरातली जुनी लुगडी फाडली आणि आम्ही सगळ्यांनी ओळींच्या वाऱ्याकडच्या बाजूला ती काठ्यांना बांधली, ओली करून. दिवसभर कुणी ना कुणी त्यांवर पाणी मारत होतं. संध्याकाळी पुन्हा बांधणी. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनशे पुरे झाले.

वरच्या अंगाला, माळाला लागून, ते पन्नास खुंट तसेच उभे होते. आबा तिथं जाऊन आले.

“वरचा तुकडा वीतभर मातीचा हाय,” ते म्हणाले. “ते उपटून टाकू. तितलं पाणी खालच्या तीनशेला द्यायचं. वर गवात हुईल, मेंढरास्नी.”

आक्का ताडकन उठल्या. “उपटून टाकू म्हनं! उन्हाळाभर एकेका खुंटाला म्या तांब्या-तांब्यानं पाणी घातलंय. तुमी मेंढरामागं हुता.”

“मग काय करू, तूच सांग. समद्यांस्नी निम्मं निम्मं घालू?”

आक्का घरात निघून गेल्या. आम्ही सामान बांधत होतो, तासगावची गाडी गाठायची होती. मी खिडकीतून बघितलं तेव्हा आक्का वरच्या तुकड्यात होत्या. पहिल्या खुंटासमोर त्या बऱ्याच वेळ उभ्या राहिल्या. मग खाली वाकल्या, दोन्ही हातांनी तो धरला आणि उपटला. मुळांची माती झटकली. तो नीट बाजूला ठेवला आणि दुसऱ्याकडे वळल्या.

तासगावला मंगलच्या घरी मी चहा घेतला. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर, खाली तिच्या मुलीची वह्यापुस्तकं. कलमं फुटतील का, असं मी विचारलं. “पंधरा-वीस दिसांनी कळंल,” ती म्हणाली. “तवर मीबी धड झोपत न्हाई. कुणाचंबी बांधलं तरी.” मी निघताना ती जय भीम म्हणाली आणि एक चाकू माझ्या पिशवीत टाकला.

परतीच्या प्रवासात डोळ्याला डोळा लागला नाही. घरी पोचले तर ह्यांनी चारशेही झाडांना पाणी वाटून वाटून दिलं होतं; प्रत्येकाला आळ्याची माती ओली होईल एवढंच. सगळ्याच झाडांची पानं सारखी मुरडली होती. मी जंगली खुंटांबद्दल सांगितलं, ठिबकबद्दल सांगितलं, ओल्या लुगड्यांबद्दलही सांगितलं. आक्कांबद्दल मात्र सांगता येईना. रोज ठरवत होते, रोज राहून जात होतं. विहिरीत आणखी एक खडक वर आला.

तीन आठवड्यांनी मी शिकवते त्या शाळेत विलासदादांचा फोन आला. तीनशेतली दोनशे तीस कलमं फुटली होती. मी बांधलेल्या विसातली सात. “मंगल म्हणते, पहिल्यांदाच्या मानानं बरं हाय,” दादा म्हणाले. फोन ठेवला आणि हेडमास्तरांकडून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी सरळ मळ्यात गेले.

हे पाटाजवळ उभे होते. मी त्यांना आक्कांचं सगळं सांगितलं, पहिला खुंट उपटला तोपर्यंत.

“कोनती झाडं सोडाची?” त्यांनी एवढंच विचारलं.

“बरडाकडची. तिथं मुरूम आहे. दीडशे तरी.”

“त्यातली साठ माह्या बापानं लावेल हायेत.”

“मला माहीत आहे.”

ते बरडाकडे चालत गेले. शेवटच्या ओळीपर्यंत गेले, एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले, परत आले. मला वाटलं, आता नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर मी पुन्हा विषय काढला नसता. त्यांनी फावडं उचललं, बरडाकडे जाणाऱ्या पाटाच्या तोंडावर ओली माती ओढली आणि पायानं दाबून घट्ट केली. पाणी क्षणभर तिथंच तुंबलं, गोल फिरलं, आणि मग खालच्या बाजूला वळलं. ते शेवटच्या आळ्यापर्यंत पोचतं की नाही हे बघत आम्ही दोघं त्याच्या मागोमाग चालत राहिलो.